तीन श्वासांचा ग्रह

माझ्या ग्रहावर आजवर सतरा माणसं मेली. त्यांतली सोळा मेली तेव्हा मला काही वाटलं नाही. उलट थोडा आनंदच झाला, कारण माझे नियम चोख होते आणि ती माणसं निष्काळजी होती. सतरावा मेला तेव्हाही पहिली पंधरा मिनिटं मी खुशीतच होतो. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, म्हणजे पुढं कोणी उगाच माझी कीव करायला नको.

ग्रह अर्थातच खेळातला. हा खेळ ज्यांनी पाहिला नाही त्यांना समजावणं अवघड जातं, कारण टेबलावर बघण्यासारखं काही नसतं. पट नाही, सोंगट्या नाहीत. थोडे कागद, पेन्सिली आणि वीस बाजूंचा एक फासा. एकजण सूत्रधार असतो. तो सांगतो की तुम्ही इथं उभे आहात, समोर हे दिसतंय, आता काय करता? बाकीचे आपापलं पात्र घेऊन बसलेले असतात, कोणी वैमानिक, कोणी डॉक्टर. ते सांगतात, आम्ही असं करतो. जमलं की नाही ते फासा ठरवतो आणि गोष्ट पुढं सरकते. अशी एक गोष्ट वर्षानुवर्षं चालू शकते. माझी चालली. मी कायम सूत्रधारच होतो, कारण ग्रह माझा होता.

तो मी अमरावतीत रचायला घेतला तेव्हा पंचविशीत होतो, नोकरी नव्हती आणि जगावर माझा बऱ्यापैकी राग होता. ग्रहही तसाच झाला. तिथली हवा विषारी. डोक्यावरचा काचेचा टोप काढला की तीन श्वास मिळतात, चौथा नाही. दिवसातून दोनदा वारा फिरतो आणि त्याच्याबरोबर येणारी धूळ कपड्यांचे सांधे खाते. जमीन वरून साधी दिसते, पण तिला भेगा पडतात आणि भेगेत माणूस जातो. इंग्रजी पुस्तकांतल्या ग्रहांवर एक तर बर्फ असायचा नाही तर वाळवंट. मला दोन्ही माहीत नव्हतं. मला मे महिन्यातली काळी जमीन माहीत होती, जिच्या भेगेत हात कोपरापर्यंत जातो. तीच मी उचलून वर नेऊन ठेवली.

पक्के खेळणारे दोघंच होते. एक चांदूर बाजारचा, घरी संत्र्याचा बगीचा असलेला. दुसरी तिवस्याची, कॉलेजात माझ्यामागं एक वर्ष होती आणि तेव्हा बँकेच्या परीक्षा देत होती. बाकीचे येऊन-जाऊन. पहिल्या दिवशी यान उतरलं, दार उघडलं आणि मी आकाशातल्या दोन सूर्यांचं वर्णन करून करून दमलो. माझं संपल्यावर चांदूर बाजारवाल्यानं विचारलं की इथं पाणी किती फुटांवर लागते. तिवसावालीनं विचारलं, सावली कुठं आहे. बंदुकीचं नाव कोणी काढलं नाही. मी फार चिडलो होतो, एवढी दोन सूर्यांची मेहनत वाया गेली म्हणून. नंतर लक्षात आलं की ते दोघं माझ्या ग्रहाकडं माझ्यापेक्षा नीट बघत होते.

बहुतेक सूत्रधारांची एक सवय असते. खेळणारा काही येडपटपणा करायला निघाला की ते हळूच विचारतात, नक्की? शहाण्याला तेवढा इशारा पुरतो, तो मागं सरतो आणि वाचतो. माझ्या टेबलावर हा शब्द बंद होता. उन्हाळा कोणाला विचारून येत नाही, मग माझा ग्रह कशाला विचारेल? बोललं ते बोललं, फासा टाका. या नियमाचा मला भारी अभिमान होता आणि तो मी नव्या माणसाला चहाच्या आधी सांगायचो.

पुढं जे सगळ्यांचं होतं तेच आमचंही झालं. तिवसावाली बँकेत लागली आणि पुण्याला गेली. चांदूर बाजारवाल्याचं लग्न झालं, मग तो बंगळूरला. फोनवर व्हिडिओ लावून खेळायचा प्रयत्न आम्ही चार रविवार केला. कोणाचा आवाज जायचा, कोणाचं पोर रडायचं, वैमानिक भेगेच्या तोंडाशी लोंबकळत असायचा आणि पलीकडून विचारायचे की कुकरच्या किती शिट्ट्या झाल्या. पाचव्या रविवारी कोणीच आलं नाही. भांडण झालं नाही, कोणी बंद करू म्हटलं नाही. गट अजून माझ्या फोनमध्ये आहे. त्यात आता फक्त वाढदिवसाचे केक येतात.

त्याच्या पुढच्या वर्षी आई गेली. वडील आधीच गेले होते. अमरावतीचं दोन खोल्यांचं घर मी कुलूप लावून बंद केलं आणि ऑफिसात बदली मागितली, कारण त्या गावात माझी वाट पाहणारं आता कोणी नव्हतं. अकोल्याला मिळाली. मी माती तपासायच्या प्रयोगशाळेत काम करतो. कापडी पिशव्यांतून माती येते, चिठ्ठीवर शेताचा गट नंबर असतो. आम्ही ती वाळवतो, चाळतो, तिच्यात काय आहे नि काय नाही ते लिहून देतो. चिठ्ठी नसली तर मी पिशवी परत पाठवतो, मग आणणारा कितीही लांबून आलेला असो. ऑफिसात माझ्याबद्दल काय बोलतात ते मला ठाऊक आहे आणि ते खरं आहे.

ग्रहाचे कागद मी बरोबर आणले होते. नकाशे, नियम, वनस्पती, वाऱ्यांची कोष्टकं, सगळं हातानं लिहिलेलं. अमरावतीच्या कपाटात त्यांना वाळवी लागली होती. ते बांधून घ्यावेत म्हणून मोर्णा नदीच्या पलीकडं जुन्या शहरात गेलो. एका गल्लीत बुकबाइंडरचं दुकान होतं, एक खण रुंद. आत खळीचा वास, पुस्तकं दाबायचा लोखंडी शिकंजा, शाळेची रजिस्टरं, वकिलांच्या फायली, उर्दू नि मराठी जुनी पुस्तकं यांचे ढीग. मधे एक माणूस मांडी घालून पानं शिवत होता. माझ्याहून दहा वर्षांनी मोठा असेल. त्यानं कागद घेतले आणि आठवड्यानं या म्हणाला.

आठवड्यानं गेलो तर काम झालेलंच नव्हतं. मी आवाज चढवला. त्यानं शांतपणे सांगितलं की शिवायला घेतलं आणि वाचतच बसलो, साहेब. मग त्यानं विचारलं, हे गाव कुठं आहे. गाव नाही, ग्रह आहे आणि तो खोटा आहे, असं मी सांगितलं. खोटा आहे तर तुम्हाला तिथल्या वाऱ्याची वेळ कशी माहीत, असं तो म्हणाला.  मी त्याला खेळ समजावला. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि कधी असतो ते विचारलं. आता कधीच नसतो, असं म्हणायला हवं होतं. मी म्हणालो, रविवारी तीन वाजता.

तो आला. त्या रविवारी आला आणि मग चार वर्षं येत राहिला. दुपारी दुकानाचं शटर ओढायचा, पूल ओलांडून माझ्या भाड्याच्या खोलीवर यायचा, चपला दाराबाहेर भिंतीला लावून सरळ ठेवायचा. सुरुवातीला मी साहेब होतो, दोनेक महिन्यांत भाऊ झालो आणि तो मला तू म्हणू लागला. मी त्याला भाई म्हणायचो आणि तुमीच म्हणत राहिलो, वय मोठं म्हणून. टेबलावर आम्ही दोघंच. एक सूत्रधार नि एक खेळणारा, असा हा खेळ सहसा कोणी खेळत नाही. आम्हाला पुरत होता.

पात्र कोणतं घेता विचारलं तेव्हा त्यानं कप्तान नको म्हटलं, वैमानिक नको म्हटलं. यानातला दुरुस्तीवाला घेतला, पन्नाशीचा, चष्मा लागलेला. हत्यार काय, तर सुई, दोरा आणि सरस. मला हसू आलं होतं. पण सांधे खाणाऱ्या धुळीच्या ग्रहावर शिवणारा माणूस सगळ्यात जास्त टिकतो, हे नियम मीच लिहिले असूनही माझ्या ध्यानात आलं नव्हतं. कप्तान मेला, डॉक्टर मेली, अमरावतीच्या काळातली उरलीसुरली सगळी माणसं एकेक करून गेली. दुरुस्तीवाला राहिला. त्यानं फाटलेले कपडे शिवले, मेलेल्यांना भेगांपासून दूर नेऊन पुरलं, यानाजवळ दगडांची एक बसायची जागा केली. बसायला कोण येणार आहे, असं मी चिडवायचो. तो म्हणायचा, असू दे, जागा तयार पाहिजे. त्या ग्रहाला तो वावर म्हणायचा, शेताला म्हणतात तसं. जिना चढता चढताच विचारायचा की आज वावरात हवा कशी आहे.

सोमवार ते शनिवार मी कोणाशी काय बोलायचो? पिशवी तिकडं ठेवा. चिठ्ठी कुठाय. दोन पोळ्या कमी द्या. बस. आठवडाभराचं सगळं बोलणं रविवारी तीन ते सहा व्हायचं आणि तेही एका खोट्या जागेबद्दल. तरी मी मजेत होतो. मला वाटायचं की या बिचाऱ्या माणसाला, ज्याचं आयुष्य दुसऱ्यांची पुस्तकं शिवण्यात चाललंय, मी एक अख्खा ग्रह दिला आहे. खरंच असंच वाटायचं.

चौथ्या वर्षी मी त्याला तिथल्या रहिवाशांपर्यंत आणायचं ठरवलं. तोवर त्यांच्या नुसत्या खुणा दिसल्या होत्या. मी तीन महिने तयारी केली. ते भेगांच्या आत राहतात, बुटके असतात, बोलत नाहीत. त्यांच्या दाराशी कोणी आलं तर ते पाण्याचं भांडं आणून समोर ठेवतात. योग्य ते करायचं म्हणजे ते पाणी जमिनीवर ओतायचं, कारण त्यांच्यात जमिनीला आधी पाजतात. याच्या खुणा मी आधीच्या रविवारी पेरून ठेवल्या होत्या. दारापुढं ओली माती, पालथी भांडी. कोडं सुंदर होतं, आजही म्हणतो.

एप्रिलमधला रविवार होता. कूलर चालू असूनही टेबल हाताला गरम लागत होतं. दुरुस्तीवाला एकटाच दिवसभर चालून भेगेच्या दाराशी पोचला. आतून एकजण वर आला, त्यानं भांडं समोर ठेवलं आणि तो खाली बसला. मी वर्णन थांबवलं आणि विचारलं, काय करता?

 भाईनं डोक्यावरून हात फिरवला, टोप काढल्यासारखा.

"टोप काढतो. पानी पितो."

मला 'नक्की?' असं विचारता आलं असतं. तो शब्द माझ्या घशापर्यंत आलाही होता, हे मी कबूल करतो. पण इतकी वर्षं मी तो कोणासाठी उच्चारला नव्हता आणि मला वाटलं की आता उच्चारला तर ग्रहाचा कणाच मोडेल. मी फासा पुढं सरकवला. त्यानं टाकला. तीन आले, म्हणजे जमलं नाही. मी तीन श्वास मोजले, एकेक करून, सावकाश. दुरुस्तीवाला भांडं हातात धरूनच मेला. मी त्याला खुणा समजावून सांगितल्या, ओली माती, पालथी भांडी. माझं कोडं किती पक्कं होतं ते उत्साहानं सांगत होतो.

त्यानं सगळं ऐकून घेतलं.

"भाऊ, त्यानं दारात पानी आनून देलं," तो म्हणाला. "मंग नाही कसं म्हनाचं?"

"हवा विषारी हाय, भाई. तुमाले ठाव होतं."

"ठाव होतं," तो म्हणाला.

इकडं शत्रूच्या घरी गेलं तरी पाणी पुढं येतं आणि घोटभर का होईना ते घ्यावंच लागतं. न घेता उठणं म्हणजे त्या घराशी संबंध तोडणं. मीही याच मातीतला. पण कोडं रचताना मला हे सुचलंच नाही, कारण माझ्याकडं पाणी मागणारं किंवा मी ज्याच्याकडं ते प्यावं असं कोणी राहिलेलं नव्हतं. माझं लक्ष सगळं हवेच्या नियमावर होतं. नियम म्हणजे नियम, असं मी म्हणालो. त्यानं मान हलवली, पेन्सिल वहीत ठेवली, वही मिटली. दाराशी चपला घालताना तो नेहमी येतो म्हणायचा. त्या दिवशी जातो म्हणाला.

पुढच्या रविवारी तीन वाजता मी नवं पात्र तयार ठेवून बसलो. तो आला नाही. उन्हाचं काही झालं असेल असं वाटलं. त्याच्या पुढच्या रविवारीही आला नाही, तेव्हा मला राग आला. खेळात हरलं की रुसून बसणारी माणसं मला आवडत नाहीत. फोन करावा तर कशाला, चूक त्याची. मेमध्ये राग टिकला. जूनमध्ये कामाची झुंबड होती, पिशव्यांचे ढीग लागले आणि राग आहे की नाही हे बघायला वेळ मिळाला नाही. जुलैत राग गेल्याचं कळलं. आता त्याच्या जागी काय आहे, हे बघायचं मी टाळत राहिलो.

एका रविवारी मी अमरावतीला गेलो. मूर्तिजापूर, बडनेरा करत एसटी अडीच तासांनी पोचली. घर उघडलं, खिडक्या उघडल्या, केर काढला. गिला वडा खाल्ला. गावात दोन ओळखीची माणसं भेटली, दोघांनीही एकच विचारलं, सध्या कुठं असता, आणि उत्तर ऐकायच्या आत गाडीला किक मारली. चांदूर बाजारवाला मुलांना घेऊन सुट्टीला आल्याचं कळलं होतं म्हणून त्याला फोन लावला. तो खरंच खूष झाला. अजून तो ग्रह आहे का रे, असं विचारलं त्यानं. आहे म्हटलं. मागून कोणी हाक मारली आणि तो म्हणाला, भेटू एकदा निवांत. मी खिडक्या बंद केल्या आणि दुपारच्याच गाडीनं परत आलो.

मग मी एकट्यानं खेळायचं ठरवलं. तसंही खेळतात काही जण. कागद काढले, फासा घेतला. वारा फिरला, धूळ आली, दोन सूर्य उगवले. आणि काय करता, असं विचारायला समोर कोणीच नव्हतं. बरं, मीच तिथं कोणी व्हावं म्हटलं तर माझं पात्रच नव्हतं. इतक्या वर्षांत मी त्या ग्रहावर हवा झालो होतो, भेगा झालो होतो, मरण झालो होतो, पण माणूस एकदाही झालो नव्हतो. मी कोरा कागद घेतला. काम काय, वय काय, सोबत कोण आहे, एवढे रकाने मीच ठरवलेले. तिसऱ्या रकान्याशी थांबलो आणि तसाच बसून राहिलो. फार एकटं वाटलं. हे दुसऱ्या कोणत्या शब्दांत सांगता येईल असं मला वाटत नाही.

दसऱ्याला ऑफिसातून आपट्याची चार पानं मिळाली होती. सोनं द्यायचं तर कोणाच्या तरी घरी जावं लागतं. संध्याकाळी कपडे घालून तयार झालो आणि खोलीतच फिरलो. दोन दिवसांनी ऑफिसातून लवकर निघून मी जुन्या शहरात गेलो.

तो तसाच मांडी घालून शिवत होता. मला बघून त्याला आनंद झाला, तो त्याच्या चेहऱ्यावर दिसला. रजिस्टरांचा ढीग सरकवून त्यानं जागा केली. तब्येत विचारली, उन्हाळा कसा गेला विचारलं. रुसलेला माणूस असा नसतो, एवढं मला कळलं आणि मी जास्तच गोंधळलो. घोकून आणलेलं मी एका दमात बोलून टाकलं. माझं चुकलं. मी विचारायला हवं होतं. मी कागदांत बदल केला आहे, त्या भांड्यातलं पाणी औषधी होतं, दुरुस्तीवाला मेला नाही, बेशुद्ध आहे. रविवारी त्याला उठवू.

त्यानं सुई थांबवली आणि मान हलवली.

"नाही भाऊ. मेला तो. त्याले आता जित्ता करशीन तं ते चार वर्ष खोटे होतीन."

मला फार लागलं ते, कारण हे मी बोलायला हवं होतं. माझा ग्रह माझ्यापेक्षा त्यानं जपला होता. मी म्हणालो, बरं, मेला तर मेला, नवीन पात्र घेऊ. पण तुमी आलेच नाही, भाई. काहून?

 मी खरंच विचारतोय की काय, हे तो जोखत असावा. मग म्हणाला, मला वाटलं तुलाच नको आहे. मी म्हणालो, मला का नको असेल. त्यावर तो जे बोलला ते मी त्याच्याच शब्दांत देतो, कारण माझ्या शब्दांत ते देताना मी स्वतःला वाचवीन.

"तुह्या खोलीवर पयल्यांदा आलो ना, तवा तूनं मले कपात चहा देला अन् सोता गिलासात घेतला. फळीवर पाह्यलं तं दुसरा कपच नव्हता. एक ताट, एक वाटी. म्हटलं, या मानसाकडे कोनी येत नाही. म्हनून येत गेलो. खेळ बी आवडे, नाही असं नाही. पन येत होतो त्याच्यासाठी. मंग त्या दिवशी तूनं मले मारलं, एकदा इचारलं बी नाही. मले वाटलं, आता याले आपली गरज नाही. कोनी तरी भेटलं असंन याले. बरं वाटलं मले, खरं सांगतो."

शेजारच्या दुकानात कोणी कुलूप काढत होतं. मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही, लपवायला त्या एक खणाच्या दुकानात जागाही नव्हती. चार वर्षं मी ज्याच्यावर उपकार करत होतो तो दर रविवारी पूल ओलांडून माझ्यावर करत होता. त्याच्या घरी कोण कोण आहे, हे मला त्या क्षणापर्यंत माहीत नव्हतं. मी कधी विचारलंच नव्हतं. आणि हा सहा महिने पलीकडच्या काठावर बसून खूष होता, की माझ्या फळीवर आता दुसरा कप आला असेल.

"नाही भेटलं, भाई," मी म्हणालो. "कोनी नाही भेटलं मले."

त्यानं दोरा दातानं तोडला, सुई गादीत खोचली आणि रविवारी तीनलाच ना, असं विचारलं.